वरणाच्या पातेल्याचं दार

जयप्रकाशला बायकोच्या जुन्या नोकरीबद्दल विचारावंसं वाटलं ते लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर, आणि तेही धंद्यासाठी. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे त्याची कीव आली तरी बेताची येईल.

तो बहरीनमध्ये, एका युरोपीय कंपनीच्या मनामा शहरातल्या ऑफिसात विक्रीचा प्रमुख होता. कंपनी युद्धनौकांचे आराखडे करायची आणि आखातातल्या नौदलांना विकायची. पगार उत्तम, बुदैया भागात बंगला, आणि बोलणं असं गुळगुळीत की समोरच्याने नको म्हणता म्हणता सही करावी. खरी जहाजवाली होती ती लीना, त्याची बायको. दिल्लीत जहाजांचे आराखडे करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात तिने उमेदीची वर्षं काढली होती. जयप्रकाशला बहरीनची नोकरी लागली तेव्हा तिने आपली सोडली, आणि आता ती ईसा टाउनच्या शाळेत गणित शिकवत होती. तिच्या त्या ऑफिसात शिस्तच होती की टेबलावरचं काम घरी बोलायचं नाही. नोकरी सुटली तरी लीनाच्या तोंडाचं कुलूप काही सुटलं नाही. जयप्रकाशनेही किल्ली शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत. बायको बोलत नाही म्हणजे सांगण्यासारखं फारसं काही नसणार, असं त्याने सोयीने ठरवून टाकलं होतं.

तर त्या वर्षी कंपनीचं घोडं महमूदपाशी अडलं होतं. महमूद म्हणजे निवृत्त नौदल कप्तान, आता बहरीनच्या नौदलाच्या खरेदी-सल्लागार समितीवर. त्या नौदलाला दोन गस्ती जहाजं हवी होती आणि जयप्रकाशच्या कंपनीचा आराखडा जवळपास पसंत पडला होता. तेवढ्यात समितीपुढे नौदलाच्याच काही तरुण इंजिनिअरांनी स्वतः काढलेला एक आराखडा ठेवला. चार मुलगे, दोन मुली, सगळी तिशीच्या आतली. महमूदचं मन तिकडे ओढ घेऊ लागलं.

"पोरांनी मेहनत केलीय," तो जयप्रकाशला म्हणाला. दोघं इंग्रजीतच बोलत. "पहिलं जहाज थोडं वाकडंतिकडं होईल. पण कायम बाहेरून घेत राहिलो तर ती शिकणार कधी? तुमच्या देशाने नाही का स्वतःची जहाजं केली?"

याच्यावर जयप्रकाशने बॅग उघडली. त्याच्याकडे रंगीत तक्ते होते, पण महमूदने ते आधीच दोनदा बघितले होते.

आणि त्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या ग्रुपवर सेक्रेटरी वरुणचा मेसेज आला. भारतीय नौदलाचं एक जहाज सदिच्छा भेटीसाठी बंदरात येतंय, शनिवारी मंडळींना बघायला नेणार, ज्यांना यायचंय त्यांनी नावं आणि रेसिडेंट कार्डाचा फोटो पाठवा. लीनाने जहाजाचं नाव वाचलं आणि फोन हळूच टेबलावर ठेवला.

"हे आमचं आहे," ती म्हणाली.

"आपल्याच देशाचं म्हणजे आपलंच की."

"तसं नाही रे. आमचं म्हणजे आमच्या टीमचं. मी होते त्यात."

जयप्रकाशचे कान टवकारले. नवऱ्याचे नव्हे, विक्रेत्याचे. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, त्याने स्वतः चहा केला, आलं ठेचून घातलं, आणि बायकोसमोर खुर्ची ओढून बसला. "सांग ना," तो म्हणाला, "तू नेमकं काय करायचीस तिथे?"

 लीनाचा चेहरा असा काही उजळला की कुठल्याही भल्या माणसाने तिथेच थांबावं. जयप्रकाश थांबला नाही. ती सांगत गेली. गुपितं तिने आताही सांगितली नाहीत, ती सांगणारीच नव्हती. माणसं कुठे झोपतील, कुठे जेवतील, कुठून चालतील, तो भाग तिच्याकडे होता, तेवढंच सांगितलं. जयप्रकाशने मध्येच विचारलं, "आणि चुका? पहिल्याच जहाजात चुका झाल्या असतील ना?"

"एक झाली. माझीच." ती हसली, पण हसताना थोडी लाजली. "कुणाला सांगू नकोस हं. स्वयंपाकघराचं दार. आमच्याकडे वरणाचं पातेलं केवढं असतं माहितेय? दोन माणसं दोन्हीकडून कड्या धरून उचलतात. रिकामं असताना आडवं करून आत गेलं, पण भरल्यावर ते त्या दारातून बाहेरच निघेना. ती भिंत जहाजाचा भार पेलणारी, त्यामुळे कापून दार मोठंही करता येईना. अजून त्या जहाजावर आतच बादल्यांत वरण ओततात आणि बादल्या जेवणघरात नेतात."

"असं कसं झालं पण?"

"कारण ते माप माझं नव्हतंच. आधी आपण बाहेरून घेतलेल्या एका जहाजाचे नकाशे आमच्यासमोर असायचे. आम्ही नवखे. वाटायचं, त्यांनी केलंय म्हणजे बरोबरच असणार. दार मी तिथून जसंच्या तसं उचललं. त्यांच्याकडे वरणही नाही आणि तसलं पातेलंही नाही! नंतर मी मुंबईला जाऊन जहाजावरच्या आचाऱ्यांबरोबर राहिले, एकेक भांडं मोजून आले. पुढच्या जहाजात दार बरोबर झालं. आणि त्यानंतर आमच्या टीमने एकही माप उसनं घेतलं नाही, जेपी. ते पहिलं जहाज मला म्हणूनच आवडतं."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "किती बरं वाटलं बोलून," ती म्हणाली.

त्याच दुपारी जयप्रकाशने महमूदला फोन करून शनिवारचं आमंत्रण दिलं, आणि वरुणकडून पाहुण्याचं नावही यादीत घालून घेतलं.

शनिवारी लीना ठेवणीतली साडी नेसली. पंधरा वर्षांचा ओजस आईला म्हणाला, "आई, यू लूक सो हॅपी!" बंदराच्या फाटकापाशी कार्डं दाखवून सगळे आत गेले. लीनाने जहाज पाहिलं आणि पोरीसारखी भराभर शिडी चढून गेली. वर खलाशांनी सरबत दिलं, मंडळाच्या बायकांनी फोटो काढले, आणि एक तरुण अधिकारी, लेफ्टनंट विनय, सगळ्यांना जहाज दाखवायला निघाला. महमूद बारकाईने बघत होता, मान डोलवत होता. "सुंदर आहे," तो दोनदा म्हणाला. जयप्रकाश लगेच पुढे होऊन विनयच्या शेजारी गेला.

"स्वयंपाकघर बघता येईल का?" त्याने विनयला विचारलं.

लीना थोडी मागे होती, ओजसला काहीतरी दाखवत. सगळे खालच्या बोळातून स्वयंपाकघराशी पोचले तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती, आणि आत दोन खलाशी मोठ्या पातेल्यातून वरण बादल्यांत काढत होते. थोडं सांडलं. एकाने पायाने फडकं फिरवलं.

"बघा," जयप्रकाश महमूदला म्हणाला, अगदी हलक्या सुरात, गंमत सांगावी तसा. "पातेलं दारातून जात नाही. जहाज पाण्यात उतरल्यावर कळलं! कुठल्या तरी ऑफिसात कुणीतरी बसलं, आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेलं, आणि मारली रेघ. कप्तानसाहेब, पहिलं जहाज स्वतः करायचं म्हणजे हे असं. उद्या तुमची पोरं काय विसरतील कुणी सांगावं? आम्ही चाळीस जहाजांवर चुकून, सुधारून बसलोय. तुम्ही तयार घ्या."

महमूद मनापासून हसला. मंडळाचे दोघंतिघं हसले. विनय मात्र हसला नाही. "कुणी काढलं हो हे दार?" महमूदने सहज विचारलं.

"मी," मागून लीना म्हणाली.

जयप्रकाशने वळून पाहिलं. ती बोळाच्या तोंडाशी उभी होती आणि ओजस तिच्या शेजारी. किती ऐकलं असेल हा प्रश्नच नव्हता. सगळं ऐकलं होतं.

महमूद बिचारा कानकोंडा झाला. "माफ करा मॅडम, मला ठाऊक नव्हतं. पण मग... हे असं का झालं?"

 लीनाने जयप्रकाशकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर त्याला परवडलं असतं. ती वाट बघत होती. उरलेली अर्धी गोष्ट त्याला ठाऊक होती, कालच तर सांगितली होती, आणि ती त्याच्या तोंडून यावी एवढंच तिला हवं होतं. एक वाक्य. दार परदेशी नकाशातलं होतं, एवढं एक वाक्य. ते तोंडातून निघालं असतं तर महमूदने तिथल्या तिथे पोरांना होकार दिला असता, आणि जयप्रकाशला ऑफिसात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"पहिल्या प्रयत्नात होतं असं," जयप्रकाश म्हणाला. "यल्ला, पुढे जाऊ या?"

लीनाने मान खाली घातली. मग वर करून महमूदला शांतपणे म्हणाली, "चूक माझीच होती."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच जयप्रकाशला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण पायाखाली धरणी नव्हती, लीनाच्या टीमने आखलेलं घट्ट पोलाद होतं. तो पुढे चालू लागला. पुढचं काय दाखवलं ते त्याला आठवत नाही.

गाडीत ओजसने एकदाच तोंड उघडलं. "बाबा, डिड यू नो इट वॉज हर?" जयप्रकाशने सिग्नलकडे बघितलं. लीना म्हणाली, "बाबांना माहीत नव्हतं रे." मुलापुढे तिने नवऱ्याची अब्रू झाकली. जयप्रकाशने ती झाकू दिली आणि गाडी चालवत राहिला.

बुधवारी महमूदचा फोन आला. "अभिनंदन. इंशाल्ला पुढच्या महिन्यात सही करू. खरं सांगू? मला तुमच्या बोलण्याने नाही, तुमच्या मिसेसमुळे पटलं. एवढी हुशार, प्रामाणिक बाई, आणि तिच्या हातून असं होऊ शकतं, तर आमची पोरं म्हणजे अगदीच कोवळी. त्यांना सांगितलं, खलास, आराखडा कपाटात ठेवा. एक मुलगी रडली. वाईट वाटलं मला."

सांगायला तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. वाक्य जिभेवर आलं, खरंच आलं. जयप्रकाश म्हणाला, "शुक्रन, थँक यू, कप्तानसाहेब."

ऑफिसात टाळ्या वाजल्या. साहेबाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आपल्या पाठीवर कुणी थुंकत असावं तसा जयप्रकाश अंग चोरून उभा राहिला आणि तरीही हसत राहिला, कारण हसण्याचा पगार मिळत होता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा लीना जेवणाच्या टेबलाशी शाळेचे पेपर तपासत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, त्या रडलेल्या मुलीसकट. तिचं तरी का लपवावं, आता काय उरलं होतं?

"अच्छा," लीना म्हणाली. "पाणी देऊ?"

"लीना, मी नीच वागलो."

"हो," ती म्हणाली आणि पुढचा पेपर ओढला.

भांडण झालं असतं तर तो त्यात स्वतःला कुठेतरी टेकवू शकला असता. तसं काही झालं नाही. जेवणं झाली, ओजस खोलीत गेला, भांडी आवरली गेली. जयप्रकाश तिच्यासमोर येऊन बसला. ती पुन्हा लाल पेन घेऊन पेपर तपासत होती. मुंबईला जाऊन आचाऱ्यांबरोबर राहिलेली, भांडी मोजणारी ती तरुण बाई कशी असेल, कुणाशी हसली असेल, रात्री दमून कुठे झोपली असेल, यातलं आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे त्याला एकदम जाणवलं. त्याला ते खरोखर जाणून घ्यायचं होतं. या वेळी त्यामागे काहीही नव्हतं.

"लीना," तो म्हणाला, "तू मुंबईला गेली होतीस ना, त्या जहाजावर... तेव्हाचं सांग ना मला."

लीनाने पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आवाजात टोमणा नव्हता, ती अगदी साधेपणाने, माहिती म्हणून विचारत होती.

"कुणाला सांगायचंय?"