हेलेथचा चहा

मेरेरिदने भाजीची सुरी फोटोच्या कडेखाली सरकवली आणि जोर लावून ओढलं. चिकटपट्टीबरोबर कपाटाचा हिरवा रंगही निघून आला. नळाचा, किटलीचा आणि भिंतीवरच्या विजेच्या बटणाचा असे तीन आधीच निघाले होते. हा चौथा, कपाचा. चहाची पुडी आणि दूध राहिलं होतं.

सहाही फोटोंत हात तिच्या लेकीचा, हेलेथचाच होता. फोटोला बोट लावायचं, फोटोत दिसतं तसं करायचं, मग पुढच्या फोटोकडे सरकायचं. असा चहा शिकायला तिला दोन वर्षं लागली होती. शिकवणारी मेरेरिदच.

"हे काय आरंभलंयस?" दारात तिचे सासरे उभे होते. सालेम चॅपेलमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या चर्चमध्ये, पाद्र्यांच्या हाताखाली एकोणचाळीस वर्षं सेवा केलेले तेग्विन प्रिचर्ड. घरात त्यांना सगळेच ताइद म्हणत, म्हणजे आजोबा.

"साफसफाई."

"काउन्सिलची बाई अकराला येणार म्हणून?"

"म्हणूनच. पोरीने तिच्यासमोर झोकात चहा केला, की ती लिहिणार, 'स्वतःचं स्वतः करते.' मग लांबच्या निवासी कॉलेजचे पैसे काउन्सिल देईलच कशाला? जवळचं आहेच की, आठवड्यातून तीन दिवस. तिथे काय करतात ठाऊक आहे तुम्हाला? दोऱ्यात मणी ओवतात. एकोणीस वर्षांची आहे हो ती!"

"देवाने दिलंय ते झाकून ठेवायचं, मेरेरिद?"

"अकराला देव येत नाहीये. बोवेनबाई येतेय."

पाचवा फोटो निघताना फाटला. तिने तो बाकीच्यांबरोबर ॲप्रनच्या खिशात कोंबला.

कॉलेजच्या अर्जाची अकरा पानंही तिने अशीच भरली होती. अशा मुलांच्या इतर आयांनी बजावलं होतं, चांगला दिवस लिहू नकोस, सगळ्यात वाईट दिवस लिही, तरच जागा मिळते. तिने लिहिलं. बुटाची नाडी बांधता येत नाही. एकटीने रस्ता ओलांडता येत नाही. वेळ कळत नाही. वाक्य न् वाक्य खरं होतं, आणि प्रत्येक वाक्यागणिक आपणच पोरीच्या थोबाडीत देतोय असं तिला वाटत होतं. पेन इतकं रुतत होतं, की एका पानावरची अक्षरं मागच्या पानावर उमटली होती. तेव्हा शेजारच्या खोलीत हेलेथ रविवारचं प्रवचन गुणगुणत होती. उपदेश करता करता पाद्रीसाहेबांचा आवाज तापायचा, चढायचा, आणि शेवटी बोलणं सुटून नुसतं गाणंच उरायचं, तेव्हा पहिल्या बाकावर हेलेथ पाठ ताठ करून बसायची. त्यातलं कळतं कुणाला किती, ते देव जाणे. हेलेथच्या तोंडी मात्र ती चाल बुधवारपर्यंत असायची.

बोवेनबाई बरोबर अकराला आली. दारात बूट पुसले, हेलेथच्या ब्लाऊजचं कौतुक केलं. बाई चांगली होती. मेरेरिदला त्याचाच जास्त राग आला. भांडायला आलेली परवडली असती.

"हेलेथ, तुला त्या कॉलेजात का जायचंय?"

"तिला तिथे चोवीस तास..." मेरेरिदने सुरुवात केली.

"तिला सांगू द्या ना."

हेलेथने ओठ ओले केले. "पुन्हा कर."

"काय पुन्हा करू?"

"ते तिचं वेगळंच आहे," मेरेरिद म्हणाली. "एप्रिलमध्ये दोन दिवस राहून आली तिथे. स्वयंपाकाच्या सरांनी हिची बिस्किटं कचऱ्यात टाकली. साखरेऐवजी मीठ पडलं होतं म्हणे. पुन्हा कर म्हणाले. आठवडाभर हिचं तेच चालू होतं. इतकं लागलं हो पोरीला! मी प्राचार्यांना पत्रच लिहिणार होते."

हेलेथने आईकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"पाहुण्यांना चहा नाही का?" ताइद म्हणाले. "हेलेथ, बाळ!"

मेरेरिदने सासऱ्यांकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर चूपचाप बाहेर गेला असता.

हेलेथ ओट्यापाशी गेली. तिचं बोट कपाटावर, पहिल्या फोटोच्या जागी टेकलं. तिथे रंग उडालेला पांढरा चौकोन होता. बोट तिथेच राहिलं. तिने मागे वळून पाहिलं, तर आई फरशीकडे बघत होती. मेरेरिदला हवं होतं तेच घडत होतं, आणि तिची कानशिलं पेटली होती.

ताइदांनी दोन बोटांनी टेबलावर ठेका धरला.

हेलेथचे खांदे सैल झाले. तिने सूर लावला.

"घे गं किटली, भर गं पाणी, ठेव जागेवर, खटका दाब..."

थेट पाद्रीसाहेबांची चाल. दर बुधवारी चॅपेलच्या मागच्या खोलीत फुलदाण्या पुसायच्या निमित्ताने आजोबा आणि नात काय करत होते, ते मेरेरिदला आत्ता कळलं. पाणी तापेपर्यंत काय करायचं, तेही ताइदांनी ठरवून दिलं होतं: स्तोत्राची दोन कडवी. हेलेथने ती म्हटली. दुसऱ्या कडव्याला आवाज चढत चढत छताला लागला, आणि ताइद डोळे पुसत "आमेन" म्हणाले. मग पुड्या, पाणी, दूध. चार कप. पहिला पाहुणीला.

बोवेनबाईने घोट घेतला आणि क्षणभर थांबली.

"वा! छान झालाय," ती म्हणाली, आणि वहीत लिहू लागली.

मेरेरिदने कप हातात घेतला. कप गार होता. तिने भिंतीकडे पाहिलं. बटण बंदच होतं. आगीच्या भीतीने या घरात भिंतीवरची बटणं रोज बंद करून ठेवायची पद्धत होती. म्हणून तर त्याचा वेगळा फोटो होता. आणि जन्मात किटलीला हात न लावलेल्या माणसाने गाणं रचलं, त्यात बटण येणार कुठून?

ताइदही एक घोट पिऊन कपात बघत बसले होते.

एकच वाक्य बोलायचं होतं. बाई, चहा गार आहे, लिहा तसं. त्या एका वाक्यात कॉलेजची तीन वर्षं होती. वाक्य दातांपर्यंत आलं. समोर हेलेथ ट्रे छातीशी धरून उभी होती, नाताळच्या सकाळसारखा चेहरा करून. मेरेरिदने वाक्य त्या गार चहाबरोबर गिळलं.

"छान," ती म्हणाली. कप भिंतीवर फेकावासा वाटत होता.

सगळ्यांचं झाल्यावर हेलेथने स्वतःचा कप उचलला. प्यायली. खाली ठेवला.

"गार."

बोवेनबाईचं पेन वहीवर थांबलं.

"गार आहे." तिने एकेकाकडे पाहिलं. "बाई, तुम्ही प्यायलात. ताइद, तुम्ही प्यायलात. माम, तू छान म्हणालीस."

"अगं राणी, तू एवढं..."

"खोटं!" त्या आवाजात चाल नव्हती. ट्रे टेबलावर आपटला. "तिकडे सर म्हणाले, मीठ पडलं. पुन्हा कर. मी केलं. चांगलं झालं. सर दोन खाल्ले. तिकडे सांगतात. इथे सगळं छान. नेहमी छान!"

मेरेरिदला एप्रिलमधला तो आठवडा आठवला. आठवडाभर पोरगी हेच सांगत होती, आणि आपण पत्र लिहायला निघालो होतो.

हेलेथने बोवेनबाईच्या वहीवर बोट ठेवलं. "लिहा. गार."

बोवेनबाई लालेलाल झाली. तिने एक ओळ खोडली, दुसरी लिहिली. मग त्याखाली आणखी दोन-तीन. काय लिहिलं ते मेरेरिदने वाकून पाहिलं नाही.

हेलेथने चारही कप गोळा केले. ताइदांच्या हातातला तर ओढूनच घेतला. सगळं सिंकमध्ये ओतलं. किटली भरली, जागेवर ठेवली, खटका दाबला. किटलीचा दिवा लागला नाही. या वेळी ती गात नव्हती. ती किटलीकडे बघत राहिली.

ताइदांची दोन बोटं टेबलाकडे निघाली. मेरेरिदने त्यांचं मनगट धरलं.

"गप्प बसा हो," ती हळूच म्हणाली.

तिचा दुसरा हात ॲप्रनच्या खिशात होता. बटणाचा फोटो बोटांना लागत होता. तिने मूठ आवळली आणि हात खिशातच ठेवला.

बोवेनबाईने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग बाही ओढून ते झाकलं आणि वाट बघत बसली.

हेलेथचं बोट कपाटावर पहिल्या पांढऱ्या चौकोनाला लागलं. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला, बटणाच्या चौकोनाला, आणि तिथे थांबलं.