पहिला बार मिठाचा

मित्रांनो, मला घाबरू नका. मी एक जुने पिस्तूल आहे, तळहातात मावेल एवढे, आणि माझ्या पोटात आता एकही काडतूस नाही. लढाईवर मी कधी गेलो नाही. मला बनवले ते सायकलवर बसणाऱ्यांसाठी. त्या काळी आमच्या लिएज शहराकडच्या वाटांवर सायकल नवी होती आणि शेतावरच्या कुत्र्यांना ती मुळीच खपत नसे. चाक फिरताना दिसले की ती थेट पोटरीच धरत.

माझी नळी तोसां नावाच्या म्हाताऱ्याने घासली. आमच्याकडे पिस्तुले कारखान्यात कमी आणि घरोघरच्या खिडक्यांपाशी जास्त बनत. एका घरी नळी, दुसऱ्या घरी चाप, तिसऱ्या घरी लाकडी मूठ. माझे सगळे तुकडे मात्र तोसांने स्वतः हिंडून गोळा केले, कारण मी त्याच्या लेकीसाठी होतो. ओडील सुईण होती. एका कुत्र्याने तिला सायकलवरून खाली ओढले होते. पाय फाटला, पोहोचायला उशीर झाला आणि ज्या घरी ती निघाली होती तिथले बाळ गेले. तेव्हापासून लांबून भुंकणे ऐकू आले तरी तिचे हात थरथरत.

"काडतुसांची पाच घरं आहेत याला," तोसांने तिला सांगितले. "पहिला बार मिठाचा. पुढचे चार शिशाचे. मीठ लागलं की कुत्रं केकाटत पळतं. मिठालाही जे भीत नाही ते पिसाळलेलं समज."

"आणि माझा नेमच चुकला तर?"

"मग ते कुत्र्याचं नशीब! तुझा नेम मला ठाऊक आहे."

चार वर्षे मी ओडीलच्या पिशवीत, कात्री आणि स्वच्छ फडक्यांच्या शेजारी राहिलो. तीनदा बोललो, तिन्ही वेळा मिठाने. बायका मला हातात घेऊन बघत. गावचे पाद्री तर तिला चिडवत, "ओडीलबाई, तुम्ही माणसं खाली आणता की वर धाडता, ते एकदा ठरवा!" ती हसायची. तिचे हात थरथरायचे थांबले होते, आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग हिवाळ्यात तोसां गेला.

ओडीलचा नवरा लांबेर गावच्या शाळेत मास्तर होता. मनाने अगदी सोने, पण लोखंडाशी त्याचे कधी जमले नाही. कारागिरांच्या त्या गावात त्याची थट्टा ठरलेली, "मास्तरांच्या हाती कानस दिलीत तर ते तिनं खडूच घासतील." मार्चमधल्या एका रविवारी चर्चहून आल्यावर त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि मला बाहेर काढले.

"याला साफ करून भरायचं बाबांचं काम आता माझं," तो ओडीलला म्हणाला.

किती जपून त्याने मला पुसले! तेल दिले, मूठ चमकवली, प्रत्येक घर काडीला कापूस लावून साफ केले. मग मिठाचे काडतूस त्याने बरोबर ठोकणाऱ्या घोड्याखाली बसवले. "पहिला तो पहिला," असे स्वतःशीच पुटपुटला.

मित्रांनो, इथे नीट ऐका. चाप ओढला की माझी पाच घरांची चक्री आधी एक घर पुढे फिरते आणि मगच घोडा पडतो. घोड्याखालचे काडतूस सगळ्यात शेवटी उडते. पहिले उडते ते त्याच्या शेजारचे. आमच्या गावात हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक, म्हणून तोसांने ते कधी कुणाला सांगितले नाही. आणि लांबेरने विचारले नाही. मला कळत होते, पण मला एकच आवाज दिला आहे, आणि तो सावध करण्यासाठी नाही.

दोनच दिवसांनी, मंगळवारी सकाळी, ओडील एका बाळंतिणीला बघून परत येत होती. वाट उताराची होती. वळणावरून एक मोठा काळा कुत्रा सुसाट तिच्या अंगावर आला. तिने मला काढले. मिठाने पळेल, एवढ्याच भरवशावर तिने चाप ओढला.

तो पळाला नाही. जागीच बसला, मग आडवा झाला.

तेव्हा तिला त्याच्या गळ्यातले पांढरे फडके दिसले. ज्या घरी धाडायला माणूस नसे, त्या घरचे लोक असे फडके बांधून कुत्र्याला सुईणीकडे सोडत. तो तातेनकाकूंचा सुलतान होता. रोज सकाळी दुधाची गाडी ओढत तो ओडीलच्या दारी येई, तोंडाला जाळी, पावले सावकाश. त्याला धावताना तिने जन्मात पाहिले नव्हते.

"तू होतास होय रे?" ती रस्त्यावर बसून म्हणाली. "मला बोलवायला आला होतास?"

त्याने तिचा हात चाटला. मग त्याची हालचाल थांबली.

ओडील पोहोचली तेव्हा तातेनकाकू दारातच उभ्या होत्या. विधवा बाई, घरात एकच लेक, तिला कळा सुरू झालेल्या. "सुलतान भेटला ना गं? बघ कसला शहाणा आहे माझा!"

"भेटला," ओडील म्हणाली. "काकू, पाणी तापवा."

दुपारच्या आत मुलगी झाली, छान रडली. ओडीलने हात धुतले आणि मगच सगळे सांगितले. तातेनकाकू दुधाच्या पालथ्या कॅनवर बसल्या. मग उठल्या आणि सुलतानचा गाडी ओढायचा चामडी पट्टा घेऊन आल्या.

"हा माझ्या मापाचा करून दे."

"काकू, मी दुसरा कुत्रा आणून—"

"तो ओढायला शिकेपर्यंत दूध थांबतं का? शिव मुकाट्यानं."

ओडीलने तो त्यांच्या छातीवर धरून माप घेतले आणि रडत रडत शिवला.

घरी लांबेरने मला उघडले. मिठाचे काडतूस तसेच होते, शेजारचे रिकामे. "पण मी तर पहिलं मीठच ठेवलं होतं गं!"

"चूक माझी," ओडील म्हणाली. "मी बाजूला व्हायला हवं होतं."

पण तो मास्तर होता. त्याने मला रिकामे केले, चाप हळूहळू ओढला आणि चक्री फिरताना पाहिली. पुन्हा ओढला. दर वेळी शेजारचे घर घोड्याखाली आलेले त्याने पाहिले.

"बाबांना एकदा विचारलं असतं," तो म्हणाला. "हसले असते, एवढंच."

तेव्हापासून मी खणात, टेबलावर अंथरायच्या चादरींखाली आहे. पुढचे ओडीलच्या बोलण्यातून कळले. लांबेर रोज पहाटे तातेनकाकूंच्या दारी जाऊन उभा राही. त्या त्याच्याकडे न बघता गाडी ओढत निघून जात. आठव्या दिवशी त्यांनी पट्टा काढून त्याच्या अंगावर फेकला. "घे. दोन भोकं सैल कर, पोट सुटलंय तुझं."

मग कितीतरी वर्षे शाळा भरण्याआधी मास्तर दुधाची गाडी ओढत. खणात मला मुलांचे ओरडणे ऐकू येई, "मास्तर, भुंका की एकदा!" तो कधी रागावला नाही, आणि आपण गाडी का ओढतो हेही त्याने त्यांना कधी सांगितले नाही.

म्हणून मी तुम्हाला सांगतो आहे. मित्रांनो, त्या रविवाराइतकी माझी काळजी कुणीच घेतली नव्हती, आणि त्या रविवाराइतका मी कधी चमकलो नव्हतो. ठाऊक नसेल तर विचारा. कुणी हसले तर हसू द्या.