सोनाबाईंचा सेंट

सोमवारी पहाटे साडेपाचला कडावच्या गोठ्यात चंद्री म्हशीने छायाला लाथ मारली. बादली लांब जाऊन पडली. सांडायला तिच्यात थेंबही नव्हता.

शुक्रवारी सासूबाई, सोनाबाई, वारल्या, तेव्हापासून चंद्री पान्हा सोडत नव्हती. रेडकू आधीच मेलेलं, आणि धार काढायच्या त्या एकट्या सोनाबाईच. छायाने पेंड घातली, कासेवर कोमट पाणी मारलं, सासूचं लुगडं नेसून पाहिलं. लुगडं साबणाने धुतलेलं होतं. चंद्रीने ते हुंगलं आणि मान फिरवली. दुकानातली पावडर फासून बसली, तर म्हैस नुसती फुरफुरली.

कास दगडासारखी झाली होती. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "पान्ह्याच्या इंजेक्शनला बंदी आहे, मी देणार नाही. दूध असंच तुंबलं तर कास कामातून जाईल." नवरा, जितेश, म्हणाला, "मंग व्यापाऱ्याला बोलवतो."

म्हशीला काय हवंय ते छायाला उशिरा उमगलं. सोनाबाई रोज धारेआधी गळ्याला सेंट लावायच्या. बाळाच्या पावडरीसारखा मऊ वास, त्यात सुकत आलेला गुलाब. पूर्वी लग्नात ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका जवळून गेल्या की यायचा, तसा. तो सेंट आता बाजारात मिळत नव्हता. उरलेली बाटली नणंद समीक्षाने रविवारी, सावडून आल्यावर, पर्समध्ये टाकून साजगावला नेली होती.

सुतकातच छाया साजगावला गेली. समीक्षाने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"ताई, चार थेंब द्या. म्हैस हातची जाईल."

"जाऊ दे. आय गेली तवा तुझा डोळा वला झाला नाय, आन म्हशीसाठी रडतीस?"

"आत्यांचं शेवटपर्यंत मी केलं. तुमी सुट्टी बघून यायच्या."

"केलंस? पयल्या पगारात मी आणला व्हता तो सेंट. तो घरात लावू दिला नायस तिला. काय म्हणायचीस गं? म्हातारीला नवरी व्हायचंय!"

"माझं डोकं उठायचं त्या वासानं."

"म्हणून बाटली गोठ्यात ठेवायला लावलीस. शेणात उभी राहून लावायची ती. म्हशीला सवय लागंल नायतर काय!"

समीक्षाने बाटलीचं बूच उघडलं आणि एक थेंब स्वतःच्या गळ्याला लावला. वास खोलीभर पसरला. छायाचं डोकं उठलं नाही. सोनाबाई पाठीशी उभ्या आहेत असं वाटून तिने पदर मात्र सारखा केला.

"बाटली मिळणार नाय," समीक्षा म्हणाली. "धार मी काढते. चल."

संध्याकाळी समीक्षा गोठ्यात बसली. चंद्रीने तिचा गळा हुंगला, डोळे मिटले आणि पान्हा सोडला. बादलीत फेस चढत गेला. छाया दाराशी उभी राहून बघत होती.

समीक्षाने हात धुतले. "माझ्या सासरी गोठा हाय. उद्या टेंपो पाठवते. म्हैस माझ्याकडंच ऱ्हाईल."

"म्हैस या घरची हाय, ताई!"

"मंग घरच्या वासानं पीळ की तिला."

जितेश दुधाची बादली उचलून घरात घेऊन गेला.

मंगळवारी सकाळी आठला टेंपो दारात उभा होता. चंद्रीचं दावं छायाच्या हातात होतं आणि टेंपोवाला ते मागत होता. धार अजून कोणी काढली नव्हती; कास पुन्हा ताठली होती.