नवशिक्यांचा किनारा

‘तर आम्ही नवशिके की जाणते, तेवढे कळवावे.’

पत्रातली ही शेवटची ओळ रमणलाल शेठना ब्लाउजपीस कापता कापता आठवली आणि कात्री वाकडी गेली. समोरची बाई दुसरं कापड चाचपत होती. पण आतल्या दारात उभ्या असलेल्या सूरजबाईंनी पाहिलं.

“अहो, कात्री ठेवा खाली. सकाळपासून तिसरा तुकडा वाया घालवलात. नातीनं काय विचारलं आणि तुमचं हे काय होऊन बसलं.”

नातीनं विचारलं होतं ते साधंच होतं. सिद्धी पुण्याहून आदल्या संध्याकाळी मंचरला आली होती. मे महिन्याच्या सुट्टीत तिला मित्रमैत्रिणींबरोबर समुद्रावर जायचं होतं. नुसतं भिजायला नाही, फळीवर उभं राहून लाटेवर घसरायला शिकायचं होतं. त्यासाठी दोन किनारे निघाले होते. एक कर्नाटकाकडचा, उथळ आणि शांत, तिथं शिकवणारे होते. दुसरा दक्षिणेला आणखी लांब, मोठ्या लाटांचा. त्यांच्यातला एक मुलगा ऑस्ट्रेलियात वर्षभर राहून आला होता, त्याला तोच हवा होता. बाकीच्यांचं ठरत नव्हतं.

“दादाजी, तुम्ही यावर लिहिलं होतं ना? पप्पा म्हणाले. मला सांगा, मला पोहण्यात मेडल आहे. मग मी बिगिनर धरायची की नाही?”

रमणलाल शेठनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “उद्या सांगतो.”

अकरा वर्षांपूर्वीही ते स्वतःला असंच म्हणाले होते. उद्या लिहू.

लिहिण्याचा नाद त्यांना गादीवर बसल्या बसल्या लागला होता. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. त्यात पुण्याच्या कुठल्याशा साहेबाच्या घरची गुळगुळीत कागदाची इंग्रजी मासिकं असायची. ती शेठ बाजूला काढून ठेवत आणि गिऱ्हाईक नसलं की शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत. तसंच त्यांना लाटांवर उभं राहणाऱ्या माणसांचं वेड लागलं. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, मुंबईला एका लग्नात, तोही गच्चीवरून. तरी तालुक्याच्या दिवाळी अंकासाठी कुणी लेख मागितला तेव्हा त्यांनी ‘लाटांवरचे स्वार’ लिहून दिला. नवशिक्यांनी कसा किनारा निवडावा, जाणत्यांनी कसा, असे दोन भाग केले. दूरच्या बेटांवरचे लोक पूर्वी फळ्या करायचे त्यातलं एक हलकं झाड आपल्या पांगाऱ्याच्याच गोतातलं आहे, हेही घातलं. आणि शेवटी, छापलं जाणार या आनंदात, ‘शंका असल्यास अवश्य पत्र पाठवावे’ असं लिहून मोकळे झाले.

शंका आली. जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारहून. खाली दोन सह्या होत्या: सोपान सावळाराम कुटे आणि धर्माजी कुटे. ‘आम्ही पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरीत पोहायला शिकलो. आता बिनपांगाऱ्याचे पोहतो, काठावरच्या मोटेच्या थारोळ्यावरून उडी घेतो, तळाची माती वर आणतो. समुद्र पाहिलेला नाही. तर आम्ही नवशिके की जाणते, तेवढे कळवावे.’

शेठना ठाऊक नव्हतं. मासिकात विहिरी नव्हत्या. ‘जाणते’ लिहावं तर भीती, ‘नवशिके’ लिहावं तर तळाची माती वर आणणाऱ्या पोरांचा अपमान. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. मग लग्नसराई आली. मग एका दुपारी गिऱ्हाइकाला साडी बांधून देताना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मथळा दिसला: ‘जुन्नर तालुक्यातील तरुणाचा समुद्रात बुडून मृत्यू’. खाली नाव होतं. शेठनी ते वाचलं नाही. कागद उलटा केला, साडी गुंडाळली, सुतळी बांधली आणि पुडी बाईच्या हातात दिली. ते नाव कुठल्या गावात, कुणाच्या पेटीत गेलं, ते त्यांना कधीच कळलं नाही.

तेव्हापासून पुडीचा कागद ते वाचून मगच वापरत.

आज वाकड्या कापलेल्या ब्लाउजपीसचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. बाई गेल्यावर त्यांनी टोपी घातली.

“कुठं निघालात?” सूरजबाई म्हणाल्या.

“पिंपरी पेंढारला जाऊन येतो.”

“तिथं आपलं कोण आहे?”

“तेच बघायचंय.”

सूरजबाईंनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं. ज्यानं स्वतःहून कधी उधारी मागितली नाही, ज्याच्या वतीनं वसुलीला त्यांनाच फिरावं लागलं, तो माणूस भर उन्हात अनोळखी दारात जायला निघाला होता. त्यांनी पिशवीत पाण्याची बाटली आणि खाकरे घातले. “दिवस मावळायच्या आत या. मावळल्यावर जेवायचं नाही म्हणाल,” एवढंच म्हणाल्या.

नारायणगावपर्यंत एसटी, पुढं आळेफाट्याला दुसरी, तिथून जीप. वाटेत शेठ एकच वाक्य जुळवत होते. ‘सोपान कुटे इथं राहतो का’ असं विचारावं, तर कुणी ‘राहायचा’ म्हणेल. शेवटी त्यांनी घर विचारायचं ठरवलं. माणूस असो-नसो, घर असतंच.

“सावळारामाचं व्हय?” टपरीवरचा म्हणाला. “त्ये काय चिंचंच्या पल्याड. पावणं, लग्नाचं बघाय आलाय का काय? पोरगी लहानय हां अजून.”

अंगणात सोपानची आई चिमाबाई कुरडया वाळत घालत होत्या. बाजेवर सावळाराम बसले होते, पागोटं गुडघ्यावर. शेठनी नाव सांगितलं. म्हातारा ऐकून न ऐकल्यासारखा थांबला, मग एकदम उठला.

“मंचरचं शेठ? लेखवालं? अगं ए, च्या ठेव. शेठ आल्यात.”

“सोपान...” शेठ म्हणाले.

“हिरीवं हाये. पोरं पवाय शिकिवतोय. बसा की.”

शेठ बसले नाहीत. घराच्या खांबाला धरून ते उभे राहिले. अकरा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलावा तसं झालं होतं.

“तुमचं लई उपकार हायेत आमच्याव,” सावळाराम म्हणाले. “तुमचं उत्तर आलं न्हाई म्हून माझा पोरगा ऱ्हायला. म्या म्हनलं, ज्याला ठावं हाय त्योच गप बसलाय, मंजी यात कायतरी व्हनार. नको जाऊ. ह्यो थांबला. धर्मा न्हाई थांबला. माझ्या भावाचा पोरगा. भाजीच्या गाडीव क्लीनर म्हून गेला, फळी घीऊन.”

धोंडा उचलला होता तो तसाच पुन्हा खाली आला. फक्त जागा बदलून.

भिंतीला एक लांब, पांढुरकी, वाळून हलकी झालेली पांगाऱ्याची फळी टेकवलेली होती. टोकाला गोलाई दिलेली. चिमाबाईंनी तिच्यावर धुतलेलं फडकं पसरलं होतं, आणि आता त्यांनी ती आडवी करून तिच्यावर कुरडयांची ओळ घालायला घेतली.

“दोन केल्या व्हत्या,” चिमाबाई मान वर न करता म्हणाल्या. “ही आमच्यावाल्याची.”

विहीर घरामागंच होती. पायऱ्यांवर पोरं ओली बसली होती, आणि पाण्यात एक मुलगी पाठीला पांगारा बांधून हात मारत होती. सोपान पस्तिशीचा, केस पुढून विरळ झालेला, कठड्यावर उभा राहून ओरडत होता. “वृषाली, काठाकडं नको. काठ दिसला का लागली तिकडंच. आडवी जा, आडवी. माझ्या हातासंगं जा.”

मुलगी काठाजवळ आली होती, हात लांबवला असता तर दगड मिळाला असता. ती वळली आणि कडेकडेनं पोहत राहिली.

शेठनी दुसऱ्यांदा नाव सांगितलं. सोपाननं हात पुसले. चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळं शेठना पळायला जागा राहिली नाही.

“मी लिहायला पाहिजे होतं,” शेठ म्हणाले. “मला माहीत नव्हतं म्हणून लिहिलं नाही.”

“मंग तसंच लिवायचं, शेठ. ‘म्हाईत न्हाई’ म्हून.”

शेठनी चष्मा काढून पुसला.

“आबा तुमाला देवमानूस समजत्यात. समजूंद्या त्येंला.” सोपान विहिरीकडं बघत बोलत होता. “पर तुमी ‘नवशिक्यांचा किनारा धरा’ येवढं एका वळीत लिवलं असतं ना, तर धर्मानं ऐकलं असतं. आमी दोघं तिकडंच गेलो असतो. त्यो म्हनला, शेठ कायच म्हनत न्हाईत, मंजी आपन जानतंच. त्यानं मोठ्या लाटांचा निवडला.”

एकाच गप्प बसण्याचे दोन अर्थ निघाले होते. म्हाताऱ्यानं एक काढला, धर्मानं दुसरा.

“मी आनाया गेल्तो त्याला,” सोपान म्हणाला. “तिथलं कोळी म्हनलं, पवनारा लई भारी व्हता. पानी आत वढत व्हतं, आन ह्यो सरळ काठाकडं हात मारत व्हता. हात गळंस्तवर. आडवा गेला असता चार हात, तर सुटला असता. पर हिरीत पवलेल्याला काठ सोडून जायचं सुचत न्हाई, शेठ. हिरीत कुठं बी गेलं तरी काठ भेटतोच ना.”

वृषाली पायऱ्यांवर येऊन पांगारा सोडत होती. “पप्पा, हे कोण?”

“हे उत्तर देनारं शेठ,” सोपान म्हणाला. त्यात टोमणा होता की नाही, शेठना कळलं नाही. मग तो म्हणाला, “आता लिवा. शाळेची सहल जानारे कोकनात. पोरं इचारत्यात, आमाला येतं ना पवाय? मी बोललेलं त्येंला खोटं वाटतं. कागूद आसला म्हंजी वाचून दाखिवता येतो.”

अंगणात परतेपर्यंत चहा निवून गेला होता. शेठनी तो तसाच घेतला.

सिद्धी दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाली तेव्हा शेठ तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. “नवशिक्यांचा,” ते म्हणाले.

“पण दादाजी, मेडल...”

“तलावातलं आहे ना, बेटा? तलावाला चारी बाजूंनी काठ असतो.” एवढं बोलूनही त्यांना ते आपल्या तोंडी शोभत नाही असं वाटलं. म्हणून त्यांनी धर्माजीचं सांगितलं, सगळं, आपल्या गप्प बसण्यासकट. एसटी येऊन उभी राहिली तरी सिद्धी चढली नाही, ऐकत राहिली. मग म्हणाली, “मी सगळ्यांना तिकडंच नेते.”

उत्तर लिहायला त्यांना आठवडा लागला. मासिकं त्यांनी उघडली नाहीत. ‘जिथे गावची माणसं आंघोळीला उतरतात तो किनारा धरावा. तळ वाळूचा आणि उतार मंद असावा. मोठ्या लाटा, खडक आणि खोल पाणी हे ज्यांनी समुद्रातच वर्षं काढली त्यांच्यासाठी. पावसाळ्याच्या तोंडाशी कुणीच उतरू नये. पाणी आत ओढू लागले तर काठाकडे पोहू नये, काठाशेजारून आडवे जावे, ओढ संपली की मग वळावे. विहिरीत कितीही उत्तम पोहणारा समुद्रात नवशिकाच. मीही नवशिकाच आहे. यातले बरेचसे मला सोपान कुटे यांनी सांगितले.’

शेवटच्या वाक्यावर ते बराच वेळ अडले. ते लेखकाला कमीपणा आणणारं होतं. मग तसंच ठेवलं.

पोस्टात खिडकीवर शीला नावाची नवी मुलगी होती. तिनं तिकीट लावण्यासाठी पाकीट घेतलं आणि पत्ता वाचून थबकली.

“शेठ, एका पाकिटावर दोन नावं? सोपान कुटे, धर्माजी कुटे. पोस्टमननं द्यायचं कुणाच्या हातात?”

“पत्र दोघांचं होतं,” रमणलाल शेठ म्हणाले. “जो घरी असेल त्याला द्या.”

तिनं शिक्का मारला. शेठनी पाकीट परत मागून घेतलं, बाहेर येऊन ते स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं, आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत टोपी हातात धरून उभे राहिले.