दाखला माझ्या पोटात होता

मित्रांनो, मी एक जुनी लोणच्याची बरणी आहे. पण आधी मला त्या दाजी कारकुनाबद्दल बोलू द्या. कॉलेजच्या ऑफिसात, चार माणसांदेखत त्याने माझ्या तोंडाशी नाक नेले आणि ते असे मुरडले, जशी मी सांडपाण्याची बालदी! माझ्यातले लोणचे मालवणात कोणाकोणाच्या पानात वाढले गेले आहे, हे त्याला काय ठाऊक?

माझा जन्म लांबच्या भट्टीतला. पेंढ्यात गुंडाळून बोटीने मी मालवण बंदरात उतरले आणि आनंदी अक्काच्या घरी आले. खांद्याला तपकिरी, पोटाला पांढरी. वीस वर्षे दर उन्हाळ्यात अक्काने माझ्यात कैऱ्या घातल्या. "माझ्या बरणयेत बुरशी? जल्मात नाय!" असे ती शेजारणींना ऐकवी आणि मी ताठ होई. माझ्या तळाला एक बारीक चीर पडली होती, ती मात्र मी कोणाला कळू दिली नाही.

अक्काचा मुलगा गुरुदास बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. शिवाय तो टेरिटोरियल आर्मीतही होता. म्हणजे एरवी आपला अभ्यास, आणि बोलावणे आले की गणवेश. सत्त्याऐंशी साली श्रीलंकेत लढाई पेटली आणि ते बोलावणे आले. तो गेला. इकडे कॉलेजच्या हजेरीपटात त्याच्या नावापुढे रोज गैरहजेरी पडू लागली. हजेरी नाही तर टर्म नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही. कॉलेजने एवढीच सवलत दिली, की फौजेतल्या साहेबाचा सहीशिक्क्याचा दाखला वीस फेब्रुवारीपर्यंत आणलात, तर लढाईचे दिवस हजेरीत धरू. परीक्षेपुरती रजा गुरुदासला मिळणार होती. मसुऱ्याच्या शाळेत मास्तरची जागाही त्याची वाट पाहत होती. हे वर्ष गेले, की ती गेली.

दाखला जानेवारीच्या अखेरीस टपालाने आला. त्यानंतर गुरुदासचे एक पत्र नाही. अक्का दोन इयत्ता शिकलेली, आणि कागद इंग्रजीत. धाकटी लेक सुगंधा रोज त्याचा अर्थ सांगे. 'हा जवान कामावर हजर आहे,' ही ओळ आली की अक्का म्हणे, "परत वाच गो."

"आये, कॉलेजात नेऊन दी आता. तारीख जवळ इली."

"देतंय. तुका कसली घाई? एकदा थंय दिलो, की कागद तेंचो."

पेटीत कसर, फळीवर वाळवी. म्हणून तिने मला धुतले, उन्हात वाळवले, दाखला माझ्यात ठेवला आणि तोंडाला फडके बांधले. कैऱ्यांना अजून अवकाश होता. मान मोठा होता, पण मला क्षणाची स्वस्थता नव्हती. दुपारी कौले तापली, की चिरेत मुरलेले वीस वर्षांचे तेल हळूहळू वर येई. ओरडावे तर तोंड बांधलेले. आधी जांभळा शिक्का पसरला, मग सही. माझ्या पोटात एका पोराचे वर्ष विरघळत होते आणि बाहेर अक्का सुपात तांदूळ पाखडत होती. मित्रांनो, तुमच्याकडे कोणी मोलाची वस्तू सांभाळायला दिली, तर आपल्यात काय उणे आहे ते आधीच सांगून टाका. मी मिरवत राहिले.

एकोणीस तारखेला फडके सुटले. सुगंधा रडू लागली.

"गप! रडान शिक्को परत येवचो नाय," अक्का म्हणाली. तिने त्याच फडक्याने कागद टिपला. दुसऱ्या सकाळी तिने मलाही पिशवीत घातले. "बरणी दाखवतंय. खोटा बोलतंय असा कोण म्हणूक नको."

ऑफिसात अक्काने मला टेबलावर ठेवले. दाजीने नाक मुरडले ते तेव्हाच, आणि कागद दोन बोटांत धरला. "अक्का, हा दाखला आहे की भज्यांचा पुडा? शिक्का नाही, सही नाही. टर्म धरता येणार नाही. गैरहजर तो गैरहजर."

"चूक माझी आसा," अक्का म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून मी वीस वर्षांत ऐकले नव्हते. "तेल माझ्या बरणयेचा. माझ्या झिलाक, गुरुदासाक शिक्षा कित्याक?"

आवाज ऐकून प्राचार्य बाहेर आले. त्यांनी कागद खिडकीशी धरला. तेलाने तो काचेसारखा झाला होता, पण टाइपाची अक्षरे जागच्या जागी होती. नाव, नंबर, तारखा, सगळे.

"दाजी, तुम्ही हा वाचलात?"

"सर, शिक्काच नव्हता, म्हणून..."

"यांच्या मुलाचा परीक्षेचा फॉर्म आजच्या तारखेत घ्या. फौजेतल्या साहेबांना पत्र टाकून दुसरा दाखला मागवा. महिन्याभरात आला, तर टर्म धरू."

आणखी एक महिना! लढाईवरून कागद यायचा, तोही वेळेवर. अक्काने मान हलवली, मला उचलले, दारापर्यंत गेली. तिथून ती परत फिरली आणि दाजीच्या टेबलासमोर उभी राहिली.

"दाजी, मी दोन बुकां शिकलेली, तरी तो कागद रोज वाचून घेतलंय. तू एवढो शिकलेलो, एकदाय वाचलंस नाय. माझो झील थंय हजर आसा. हजेरी तुझी घेवक व्हयी."