मंत्र्यांच्या दाताखालचा दाणा

इलेर व्हेर्नो मंत्री झाले तेव्हा त्यांच्या जुन्या कारखान्यातल्या सोलांज पेराबूने त्यांचा पुतळा केला. पुतळा अंगठ्याच्या नखाएवढा होता, पण चिनीमातीचा, भट्टीत भाजलेला, उजवा हात छातीवर. त्या कारखान्यात मोठे पुतळे होतच नसत. जानेवारीत घरोघरी बदामाचं सारण भरलेला गालेत नावाचा गोल केक कापतात, त्यात लपवायच्या बाहुल्या तिथे होत. ज्याच्या तुकड्यात बाहुली निघेल तो त्या दिवसाचा राजा. पूर्वी बाहुलीच्या जागी खरा वालाचा दाणा असे, म्हणून लोक अजून तिला दाणाच म्हणतात.

छातीवर हात का, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. इलेर तरुणपणी खटारा गाडीतून बशा विकत हिंडायचा. कारखाना बुडाला तेव्हा त्याने तो कोर्टाकडून एका फ्रँकला घेतला, भट्टीसमोर उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी आहे तोवर ही विझणार नाही." विझली नाही, हेही खरं. पुढे तो टीव्हीवर बोलायला लागला. सरकारला धंद्यातलं काही कळत नाही, हे तो इतकं छान सांगायचा की सरकारने त्याला मंत्रीच करून टाकलं. खातं मिळालं देशी उद्योगांच्या रक्षणाचं. मंत्र्याने धंदा करायचा नसतो, म्हणून त्याने कारखाना एका गुंतवणूक कंपनीला विकला. कंपनीला आता साचे उचलून परदेशी न्यायचे होते. त्यासाठी सही लागणार होती ती देशी उद्योगांच्या रक्षणकर्त्याची.

जानेवारीत मंत्री शुभेच्छा द्यायला आले. सोबत एक गुळगुळीत सचिव आणि गावच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. पॅकिंगच्या शेडमध्ये लांब टेबल मांडलं होतं, त्यावर गालेत, आणि गालेतच्या पोटात सोलांजने केलेला तो पुतळा. राजाकडे टेबलाने, म्हणजे बसलेल्या सगळ्यांनी मिळून, एक मागणं मागायचं आणि त्याने ते पुरवायचं, हा कारखान्याचा रिवाज इलेरनेच पाडला होता. एके वर्षी तो स्वतःच राजा निघाला, टेबलाने शेडला हीटर मागितला, आणि आठवड्याच्या आत हीटर बसला. यंदाचं मागणं सोलांजच्या ओठांवर तयार होतं. सही करू नकोस, एवढंच.

तुकडे वाटताना सर्वांत धाकट्याने टेबलाखाली बसायचं आणि कुठला तुकडा कुणाचा ते न बघता सांगायचं, म्हणजे लबाडी नको. कारखान्यात कैक वर्षं भरतीच नव्हती. त्यामुळे धाकटी म्हणजे मारिव्हॉन, पन्नाशीला टेकलेली. ती कण्हत कण्हत खाली गेली.

"हा कुणाचा?" भट्टीवाल्या आंब्रवाजने सुरी रोखून विचारलं.

"तुझा. तोंड बंद राहील तेवढा वेळ."

"आणि हा?"

सोलांजने बुटाने हळूच ढोसलं.

"मंत्रीसाहेबांचा," खालून आवाज आला. "आणि सोलांज, तो माझा दुखरा गुडघा होता."

सगळे हसले, मंत्रीही. पाहुण्यासाठी एवढी लबाडी देशभर चालते.

या देशात जानेवारीत शेंबडं पोरही गालेत जपून चावतं. पण इलेरने यंदा तो राष्ट्राध्यक्षांच्या महालात खाल्ला होता, आणि तिथे त्यात दाणा घालत नाहीत. प्रजासत्ताकात राजा निघायला नको ना. एका महालाने त्याच्या दातांची सवय मोडली. त्याने भला मोठा घास घेतला आणि पूर्ण भरवशाने चावला.

कट्कन आवाज झाला. तो टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

मंत्र्यांचा एक गाल फुगला. त्यांनी सोलांजकडे पाहिलं, मग सचिवाकडे. सचिवाने किंचित नकारार्थी मान हलवली. मंत्र्यांनी सायडरचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. गळ्यात काहीतरी अडलं, थबकलं, खाली गेलं.

"छान झालाय," ते म्हणाले.

सोलांजची कानशिलं तापली. तिने त्या पुतळ्याचे डोळे श्वास रोखून रंगवले होते.

"इलेर, दाणा कुठाय?"

"कुठला दाणा?"

"साहेबांची गाडी लागलीये," सचिव म्हणाला.

"लागू दे," आंब्रवाज उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. "राजा सापडल्याशिवाय टेबल उठत नाही." मालकाला कोंडायचं तर आधी पोटभर खायला घालावं, ही इथली जुनी रीत, तो भाग उरकलाच होता.

"आ करा रे सगळे," सोलांज म्हणाली.

सगळ्यांनी आ केला. आंब्रवाजने कवळी काढून दाखवली. टेबलाखालून मारिव्हॉनने कळवलं की इथेही काही पडलेलं नाही, आणि मला कुणीतरी वर काढा. मंत्री तेवढे ओठ मिटून बसले होते.

"तू राहिलास."

"सोलांज, मी आता मंत्री आहे."

"म्हणूनच. आ कर."

त्याने आ केला. फोटोग्राफरचा फ्लॅश चमकला. दाढ अर्धीच होती.

"अर्धी दाढ आणि अख्खा तू," सोलांज म्हणाली. "स्वतःलाच गिळलंस की रे. तेही आम्हाला काही द्यावं लागू नये म्हणून." तिने सोनेरी कागदी मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. "आता ऐक. ती सही करू नकोस. दुसरं काही नको."

इलेरने कॅमेऱ्याकडे पाहिलं. हात आपोआप छातीवर गेला. "राजा म्हणून शब्द देतो."

टाळ्या पडल्या. आंब्रवाज दारातून हलला, डोळेही पुसले वेड्याने. सोलांज मात्र गाडीपर्यंत मागे गेली.

"आणि मंत्री म्हणून?"

"अगं, राजा एका दिवसाचा असतो," मुकुटाची नीट घडी घालत तो म्हणाला. "रिवाज तुमचाच ना?"

सही त्याच आठवड्यात झाली. भेट ऐतिहासिक ठरल्याचं मंत्रालयाने कळवलं.

भट्टी विझायच्या आधी सोलांजने एक नवा साचा केला आणि शेवटची भट्टी त्याच साच्याच्या दाण्यांनी भरली. ते दाणे जिल्ह्यातल्या बेकरीवाल्यांनी डबे भरभरून नेले. हात छातीवर, तोंड वासलेलं, एक दाढ अर्धी.

पुढच्या जानेवारीत घरोघरी कुणाच्या ना कुणाच्या दाताखाली तो आला. मुलं विचारत, हा कोण?

"आपला मंत्री," मोठी माणसं सांगत. "जपून चाव. पण गिळू नकोस, थुंक."