पोटातलं आतडं

पॅथॉलॉजी विभागात त्यांना सगळे ‘कासव’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. ज्या स्लाइडचा निकाल बाकीचे डॉक्टर चहा पिता पिता लावत, तिच्यावर कासव सर अर्धी सकाळ घालवत. त्यांच्या हाताखाली शिकून आता त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसणारी ती तरुण डॉक्टर मात्र त्यांना नुसतं सर म्हणे. तरी त्यांच्या संथपणाचा वैताग तिलाही यायचा. घरी त्यांची नक्कल करून तिने सासूबाईंना पोट धरधरून हसवलं होतं.

मग सासूबाईंचं पोटच दुखायला लागलं. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या बाई, कुरकुर त्यांच्या स्वभावात नव्हती. त्या ताटावरून अर्धपोटी उठायला लागल्या तेव्हा मुलगा आणि सून त्यांना दुर्बिणीच्या तपासणीला घेऊन गेले. जठराच्या खालच्या भागात एक खडबडीत डाग दिसला. त्याचे बारीक तुकडे तपासायला आले ते तिच्याच विभागात. घरच्या माणसाची स्लाइड आपण वाचायची नसते, म्हणून तिने ट्रे सरांपुढे ठेवला आणि कोणाचा आहे तेही सांगून टाकलं.

वर्षानुवर्षं सूज सोसून सोसून जठराचं अस्तर कधीकधी आतड्याचं रूप घेतं. सासूबाईंचं तसंच झालं होतं. हा कॅन्सर नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा एक थांबा म्हणता येईल. बहुतेकांची गाडी तिथून पुढे जातही नाही. सरांनी त्या तुकड्यांना एक खास रंग देऊन घेतला. आतड्याच्या पेशींत जी प्रथिनं असतात, ती सापडतील तिथे हा रंग तपकिरी उमटतो. दुसऱ्या दिवशी तो उमटला, आणि चांगला ठसठशीत. म्हणजे गाडी त्या थांब्यावरच होती; सरांच्याच मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या भिंगातून पाहताना तिचा जीव भांड्यात पडला.

“अगदी नीट वळणाचं आतडं आहे, सर. करून टाकूया ना सही?”

“इथे जरा फिकट आहे,” सर म्हणाले.

एका कोपऱ्यातल्या चार-दोन ग्रंथींत तपकिरी रंग विरत गेला होता. रंगवताना कमी-जास्त व्हायचंच, असं तिचं म्हणणं पडलं. सरांनी वाद घातला नाही. पेशी आतड्याची ओळखही टाकू लागल्या तर कधीकधी पुढचं पाऊल पडलेलं असतं, एवढंच ते म्हणाले. नुसत्या रंगावरून कोणाला कॅन्सर म्हणता येत नाही, पण तो बोट दाखवतो तिथे बघावं तरी. मग ते तुकडे ज्या मेणाच्या वडीत बसवले होते, तिच्यातून त्यांनी आणखी खोलचे काप काढायला सांगितले.

घरी नवरा वैतागला. एका सहीला इतका वेळ लागतो का, म्हणाला. आईला काय सांगायचं यावर दोघांची कुजबुज चाललेली सासूबाईंनी ऐकली आणि सुनेला समोर बसवून घेतलं. तिने सगळं सांगितलं. त्यांनी ते आपल्या भाषेत मांडून पाहिलं.

“म्हणजे त्या पेशींनी माहेरीच राहून सासरच्या चाली उचलल्या म्हण. आणि आता त्याही धड पाळेनात?”

“तसंच काहीसं, आई.”

“मग बघू दे त्यांना सावकाश. घाईत सोडवलेल्या गणिताला मी कधी मार्क दिले नाहीत.”

खोलचे काप आले तेव्हा सरांनीच तिला हाक मारली. त्या फिकट कोपऱ्याखाली पेशींची दाटी झाली होती. केंद्रकं मोठी आणि वेडीवाकडी, ग्रंथी एकमेकींत घुसलेल्या, आणि तपकिरी रंग जवळजवळ नाहीच. सगळं मिळून मोहरीएवढंही नव्हतं. तिला कोणी सांगायची गरज उरली नाही.

“लवकर सापडलाय,” सर हळूच म्हणाले. “वरच्या थरातच असावा. आणखी एकाला दाखवतो, मग सही करतो.”

दुसऱ्या डॉक्टरांचं मतही तेच पडलं. पोट न फाडता, दुर्बिणीतूनच तो डाग अस्तरासकट सोलून काढला गेला. तो अख्खा तुकडाही सरांनीच तपासला. कडा निर्मळ निघाल्या आणि खाली कुठे मूळ गेलेलं नव्हतं. यापुढे ठरल्या वेळी दुर्बीण टाकून घ्यायची, एवढंच मागे राहिलं. तो फिकट कोपरा आपल्यालाही दिसला होता, हे तिला राहून राहून आठवत होतं. दिसूनही तिने त्याला बाजूला सारलं होतं. सरांनी मात्र त्याला जेवढं होतं तेवढं मानलं, ना जास्त ना कमी. एवढ्या वर्षांत त्यांचा इतका आदर तिला कधी वाटला नव्हता.

हिंडू-फिरू लागल्यावर सासूबाई स्वतःच विभागात आल्या. आभार मानायला आलेय म्हणाल्या, पण डोळा होता मायक्रोस्कोपवर. सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि भिंग त्यांच्या डोळ्यांना जुळवून दिलं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

“माझ्या आत एवढी नक्षी आहे होय?”

सर लाजल्यासारखे हसले. त्यांनी स्लाइड जराशी सरकवली.

“आता हे बघा,” ते म्हणाले. “इथे तुमचं पोट अजून पोटच आहे.”